वाचक बोलत नाहीत, की त्यांना बोलायला जागाच नाही?

पाच मित्रमैत्रिणी दीड वर्षापासून राजकारणावरचं एक छोटं पाक्षिक काढतात. त्यांच्यापैकी एकाने विचारलं आहे: "अंक साडेचारशे लोकांकडे मेलने जातो. बरेच जण वाचतात, हे भेटल्यावर कळतं. पण पत्र कोणी लिहीत नाही. लिहितात ते ठरावीक सात-आठ जण, आणि ते आपसांत भांडतात. पाचांपैकी आम्ही दोघंच लिहितो, एक मैत्रीण तर जवळजवळ थांबलीच आहे. वाचकांना बोलतं करायला निबंध स्पर्धा किंवा कौल घेणं असं काही सुरू करावं का?"

स्पर्धा नको आणि कौलही नको. का नको, ते पुढे ओघात येईल.

मी सहा जणांच्या गटात अकरा वर्षं असंच पाक्षिक चालवलं, आधी छापील आणि मग मेलने जाणारं. पहिली तीन वर्षं आम्हीही हेच विचारत होतो. आमचं उत्तरही ठरलेलं होतं: लोक उदासीन झालेत. हे उत्तर फार सोयीचं आहे, कारण ते एकदा मान्य केलं की आपल्याला काहीच बदलावं लागत नाही.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. वाचक गप्प आहेत, जे बोलतात ते भांडतात आणि तुमच्या गटातलं एक माणूस हळूहळू बाहेर चाललं आहे. तिसरी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत. मला गाठ तिथेच दिसते. पण आधी पहिलीबद्दल बोलू, कारण त्यात थोडी चांगली बातमी आहे.

संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये ऑनलाइन समुदायांबद्दल एक ठोकताळा मांडला होता. शंभरातले साधारण 90 लोक फक्त वाचतात, 9 जण अधूनमधून काही लिहितात आणि उरलेला एकटाच बहुतेक सगळं लिहितो. हा काही नियम नाही. पण माझ्या अनुभवाशी तो बराच जुळतो. साडेचारशेचा 1 टक्का म्हणजे चार-पाच माणसं, तुमच्याकडे सात-आठ आहेत. म्हणजे तुमचं फार काही बिघडलेलं नाही. शिवाय राजकारणावर लिहिण्यात धोका असतो. कोणाची नोकरी अशी असते की मत उघड करता येत नाही, कोणाचा सासरा दुसऱ्या पक्षाचा असतो. आमचे एक वाचक आठ वर्षं प्रत्येक अंक वाचत होते आणि त्यांनी एक ओळही लिहिली नाही. निवृत्त झाले त्या महिन्यात त्यांचं पहिलं पत्र आलं, नऊ पानांचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तुम्ही एखाद्या पक्षाच्या किंवा आंदोलनाच्या बाजूने लिहिता का? तसं असेल तर वाचक तुमच्याकडे बळ मिळवायला येतात, वाद घालायला येत नाहीत, आणि पुढचं निम्मं उत्तर तुम्हाला लागू पडणार नाही. तुमचे विषय गावपातळीचे आहेत की देशाचे? गावपातळीच्या विषयावर वाचकाला स्वतःची माहिती असते; परराष्ट्र धोरणावर त्याच्याकडे बहुधा इतरांसारखंच मत असतं. तुम्ही खुल्या मनाने, पण ठाम भूमिका घेऊन, सगळ्या पातळ्यांवरच्या विषयांवर लिहिता असं धरून मी पुढे सांगते.

एकदा आम्ही शहर बससेवेच्या खासगीकरणावर लेख छापला. चांगला अभ्यासून लिहिलेला, आकडेवारीसकट, विरोधातला. शेवटी नेहमीची ओळ होती: "या विषयावर तुमचं मत जरूर कळवा." तीन पत्रं आली. दोघांनी "छान लेख" एवढंच लिहिलं होतं आणि तिसऱ्याने आम्हाला विकासाचे शत्रू ठरवलं होतं. चार महिन्यांनी त्याच लेखिकेने त्याच विषयावर पुन्हा लिहिलं, अर्ध्या लांबीचं. या वेळी शेवटी तिने विचारलं: "तुमच्या थांब्यावर वेळापत्रकाप्रमाणे बस किती मिनिटांनी यायला हवी आणि प्रत्यक्षात किती मिनिटांनी येते? एक आठवडा नोंद ठेवून कळवाल का?" साठाहून जास्त पत्रं आली. काहींनी वहीत रेघा मारून तक्ते केले होते. एक पत्र पूर्वी आगारात नोंदी ठेवणाऱ्या माणसाचं होतं. त्याने शांतपणे समजावून सांगितलं, की आम्ही ज्या आकड्यावर सगळा युक्तिवाद उभा केला होता त्यात रद्द झालेल्या फेऱ्या धरलेल्याच नव्हत्या. म्हणजे आमचं चित्र होतं त्याहून परिस्थिती वाईट होती, आणि ती खासगीकरणाच्या आधीपासूनच वाईट होती. आमच्या अर्ध्या लेखाचा पायाच निघाला.

मत मागितलं की वाचकाला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. तुम्ही दीड हजार शब्दांत सगळ्या बाजू बांधून, निष्कर्ष काढून, कुलूप लावलेलं असतं. त्यानंतर त्याने काय म्हणायचं? "बरोबर" किंवा "चूक". बरोबर म्हणणारा लिहायचे कष्ट घेत नाही. म्हणून फक्त चूक म्हणणारे लिहितात आणि तुम्हाला वाटतं की आपले वाचक भांडखोर आहेत. निबंध स्पर्धा आणि कौल याच कारणासाठी नकोत. कौलात माणूस आणखी एकदा हो किंवा नाही म्हणतो आणि मोकळा होतो. स्पर्धेत जिंकण्यासारखं लिहितो, म्हणजे तुमच्यासारखंच लिहितो.

वाचकाकडे असं काहीतरी असतं जे तुमच्याकडे नसतं. कोणी शिक्षिका असते, तिला नवा नियम वर्गात पोहोचेपर्यंत त्याचं काय होतं ते माहीत असतं. कोणी मतदान केंद्रावर काम केलेलं असतं. कोणी पंधरा वर्षं एकाच पक्षाला मत देऊन या वेळी थांबलेलं असतं. लेख लिहितानाच ठरवा, की यातलं आपल्याला काय ठाऊक नाही आणि ते कोणाला ठाऊक असेल. मग शेवटी तेवढंच आणि नेमकं विचारा. आमच्याकडे नंतर असा नियमच झाला, की ज्या लेखात लेखकाला स्वतःला पडलेला एकही खरा प्रश्न नाही तो लेख अजून कच्चा आहे. प्रश्न खरा हवा. "आपण असं किती दिवस सहन करणार?" हा प्रश्न नव्हे, ती घोषणा आहे.

विचारलंत तर पुढच्या अंकात त्या उत्तरांचं काहीतरी व्हायला हवं. बसच्या प्रकरणात आम्ही आगारातल्या त्या गृहस्थाचं पत्र पहिल्या पानावर घेतलं आणि लेखिकेने त्याखाली लिहिलं: माझा लेख या या जागी चुकला, अमुक मुद्दा मी मागे घेते, तमुक मुद्द्यावर अजून ठाम आहे. आमच्या गटातल्या दोघांना हे मुळीच आवडलं नव्हतं. "आपली विश्वासार्हता जाईल" असं त्यांचं म्हणणं होतं. झालं उलटंच. पुढच्या वर्षभरात पहिल्यांदाच लिहिणारी जी माणसं आली, त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याच अंकाचा उल्लेख केला. आपल्या पत्राने लेख हलू शकतो हे त्यांनी पाहिलं होतं.

ज्यांची पत्रं छापली नाहीत त्यांनाही दोन ओळींचं उत्तर गेलं पाहिजे. साडेचारशे वाचकांत हे सहज जमतं. पुढे पाच हजार झाले तर जमणार नाही, म्हणून आत्ताच करून घ्या.

आता तुमच्या गटाकडे वळते. तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेली चार संपादकीयं मी वाचली. प्रत्येकात "आम्हाला वाटतं" आहे. पाच माणसांना दीड वर्ष प्रत्येक गोष्टीबद्दल एकच वाटत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. मला वाटतं तुमच्यात मतभेद आहेत आणि ते तुम्ही अंकाच्या आधीच्या बैठकीत मिटवता. मग ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याला लिहायला वेळ जास्त, त्याचं मत "आम्ही" होऊन छापलं जातं. तुमची मैत्रीण का थांबली असेल, याचा मी अंदाज बांधते तो असा. चुकत असेन तर तिलाच विचारा, आणि तेही बैठकीत नको.

एका आवाजात लिहिण्याला जागा आहेच. अमेरिकेच्या राज्यघटनेला मान्यता मिळावी म्हणून 1787 आणि 1788 मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघा राजकारण्यांनी 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने 85 निबंध लिहिले. त्यातले काही नेमके कोणाचे यावर पुढे पिढ्यान्पिढ्या वाद चालला, इतका तो आवाज एकजीव होता. पण त्यांच्यासमोर काम एकच होतं, मुदतीचं होतं आणि ते झाल्यावर लेखमाला संपली. काही वर्षांतच हॅमिल्टन आणि मॅडिसन एकमेकांच्या विरोधी गटांत उभे होते. निवडणुकीपुरती किंवा एखाद्या मागणीपुरती पत्रिका काढायची असेल तर खुशाल एका आवाजात काढा. वर्षानुवर्षं चालवायच्या पाक्षिकाला ते झेपत नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. 1881 च्या जानेवारीत काही तरुणांनी मिळून 'केसरी' आणि 'मराठा' सुरू केले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. राजकीय हक्क आधी की सामाजिक सुधारणा आधी, या वादात टिळक आणि आगरकर यांच्यातलं अंतर वाढत गेलं. 1887 मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. मग तो वाद दोन पत्रांमधून जाहीरपणे झाला. गटासाठी ती फूट वेदनादायक होती यात शंका नाही. पण वाचक म्हणून पाहिलं तर दोन्ही बाजू आपापल्या पूर्ण ताकदीने समोर आल्या, याचा मला तरी आनंदच वाटतो. तुम्हाला फूट पडेपर्यंत थांबायची गरज नाही. तोच वाद एकाच अंकात समोरासमोर छापता येतो.

आम्ही ते कसं केलं ते सांगते, कारण पहिल्या दोन वेळा आम्ही ते वाईट केलं. पहिल्यांदा आरक्षणाच्या एका मुद्द्यावर दोघांना आमनेसामने लिहायला लावलं. दोघंही एकमेकांनी न म्हटलेल्या गोष्टी खोडत बसले आणि वाचकही तसेच दोन तट करून उभे राहिले. मग आमच्यातल्या संस्कृत शिकलेल्या एकाने सुचवलं, की जुन्या शास्त्रार्थाची पद्धत घेऊ: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. ज्याचं खोडायचं आहे त्याचं म्हणणं तुम्ही तुमच्या शब्दांत आधी मांडायचं, तेही त्याच्या सर्वांत भक्कम रूपात. आम्ही त्यात एक अट घातली. मूळ लेखकाने तो परिच्छेद वाचून "हो, मला हेच म्हणायचं आहे" असं सांगितल्याशिवाय खंडन छापायचं नाही. कधीकधी तो एक परिच्छेद चार वेळा परत यायचा. दोनदा तर असं झालं, की पूर्वपक्ष लिहितालिहिता खंडन करणाऱ्याचंच मत बदललं आणि लेख बारगळला. त्यांपैकी एक अंक रिकाम्या पानाने काढायची वेळ आली होती. शेवटी त्या पानावर, लेख का नाही, तेच छापलं.

वाचकांना हे फार आवडतं. घरातल्या माणसांनी सभ्यपणे भांडलेलं पाहिलं की पाहुण्यालाही बोलावंसं वाटतं. आणि भांडायचं कसं याचा नमुना समोर असतो. आमच्या पत्रांचा सूर सुधारला तो नियमावली छापल्यामुळे नव्हे, या जोडलेखांमुळे, असं मला खात्रीने वाटतं.

"दोघंच लिहितात" याची काळजी त्या मानाने कमी करा. पाचांनी लिहिलंच पाहिजे असं कुठे आहे? आमच्या सहांपैकी एकाने अकरा वर्षांत चार लेख लिहिले. पण प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहणारा तोच होता आणि तो नसता तर आम्ही केव्हाच गोत्यात आलो असतो. दुसरी एक फक्त पत्रव्यवहार बघायची. काम वाटून घ्या. त्यात एक गोष्ट मात्र फिरती ठेवा: दर अंकाचा संपादक वेगळा असावा आणि त्या अंकापुरता त्याचा शब्द शेवटचा. लेखात बदल करायचे तर लेखकाला दाखवून करायचे, शीर्षकसुद्धा. न विचारता बदललेल्या शीर्षकावरून आमचा एक सोबती सात महिने आमच्याशी बोलत नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं.

आता ते भांडणारे सात-आठ. त्यांना हाकलू नका, ती तुमची सर्वांत निष्ठावान माणसं आहेत. मर्यादा थोड्या आणि उघड ठेवा. विधानावर कितीही कठोर टीका चालेल. माणसावर, त्याच्या जातीवर, धर्मावर, बाईच्या बाईपणावर चालणार नाही. एका लेखावर एका वाचकाचं एकच पत्र. छाटायचं असेल तर त्याला कळवून छाटायचं. आणि गटातल्या कोणीही रागात त्याच दिवशी उत्तर द्यायचं नाही. शेवटची अट सर्वांत कठीण आहे, मी स्वतः ती अनेकदा मोडली आहे.

एक गृहस्थ दर अंकावर तीन-चार पानी संतापपत्र पाठवायचे. मी त्यांना फोन केला. तासभर बोलल्यावर कळलं, की त्यांच्याकडे पंचवीस वर्षांच्या स्थानिक निवडणुकांची कात्रणं आहेत आणि ती कोणी कधी मागितलेली नाहीत. आम्ही मागितली. राग कमी झाला नाही, पण त्याला काम मिळालं. दुसऱ्या एकाला मात्र तीन वेळा बजावून शेवटी थांबवावं लागलं. त्याच्याबरोबर आणखी चार जण गेले. थोडे दिवस वाईट वाटलं, मग ज्या बायकांनी लिहिणं सोडलं होतं त्यांची पत्रं परत येऊ लागली, तेव्हा कळलं की आपण उशीर केला होता.

टोपणनावाने लिहू द्यावं का, असंही तुमच्यात बोलणं चाललं असेल. जरूर द्या, फक्त नाव एकच आणि कायमचं असावं, आणि गटातल्या एकाला खरं नाव माहीत असावं. 1848 पासून 'प्रभाकर' या साप्ताहिकात पत्रं लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि 'लोकहितवादी' या नावाने लिहीत होते. खऱ्या नावाचा आग्रह धरला असता तर ती शतपत्रं कदाचित आपल्याला मिळालीच नसती.

पत्रांच्या बाबतीत एकच भीती मनात कायम ठेवा. वाचक तुमच्यावर विश्वास टाकून कागद पाठवायला लागले की काही कागद खोटे असणार. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांवर विश्वास ठेवून मजकूर छापला, ती बनावट ठरली आणि 1882 मध्ये दोघांनाही अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. इतकी हुशार माणसं, हेतू इतका स्वच्छ, तरी फसली. म्हणून एखाद्या व्यक्तीवर आरोप असलेला कुठलाही कागद आमच्याकडे दोन स्वतंत्र ठिकाणांहून पक्का झाल्याशिवाय आणि त्या व्यक्तीला तिचं म्हणणं विचारल्याशिवाय छापला जात नसे. यामुळे दोन मोठ्या बातम्या आमच्या हातून गेल्या. त्यातली एक पुढे खरी निघाली. तरीही नियम बदलला नाही.

चुका तरीही होतात. आम्ही एकदा अर्थसंकल्पातली तरतूद हाच प्रत्यक्ष झालेला खर्च समजून अख्खा लेख लिहिला होता. दुरुस्ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. ती चूक जितक्या मोठ्या अक्षरात झाली तितक्याच मोठ्या अक्षरात, त्याच जागी छापली.

पैसा आणि पक्ष यांबद्दल थोडक्यात: तुमच्यापैकी कोणी कुठल्या पक्षाचं काम करत असेल किंवा कोणाकडून मदत घेत असेल, तर ते लेखाखाली एका ओळीत लिहा. वाचकाला आज ना उद्या कळतंच, आणि तेव्हा मागचे सगळे लेख तो नव्या नजरेने वाचतो.

पुढच्या अंकापासून सुरुवात करायची तर एवढंच करा. एक लेख निवडा, त्याचा निष्कर्ष दोन परिच्छेदांनी आखूड करा आणि त्या जागी एक खरा प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर द्यायला वाचकाला मत नव्हे, अनुभव लागेल. त्याच लेखावर तुमच्या थांबलेल्या मैत्रिणीला, तिची तयारी असेल तर, उत्तरपक्ष लिहायला सांगा. आलेली पत्रं आधी तिच्याकडे जाऊ द्या, आणि त्यांतली कोणती पहिल्या पानावर घ्यायची हेही तिलाच ठरवू द्या. दोन-तीन अंकांनंतर काय झालं ते कळवा, वाट बघते. काहीच झालं नाही तर तेही कळवा. मग माझं कुठे चुकलं ते पाहता येईल.